सांधलेली सुरई

शनिवारी दुपारी लव्हिनिया टॉलिव्हर धाकट्या भावाला कामावरून घ्यायला विल्यम्सबर्गात गेली, तेव्हा भुताखेताचं नावही तिच्या डोक्यात नव्हतं. डोक्यात होता तो निव्वळ संताप. आठवडाभर तो आत रटरटत होता आणि आता उतू जायच्या बेतात होता.

भाऊ क्लीव्हन त्या जुन्या गावात लोहार होता. म्हणजे पगारी लोहार. अडीचशे वर्षांपूर्वी लोक कसे जगत ते बघायला येणाऱ्या पाहुण्यांसमोर गुडघ्यापर्यंतची विजार, चामड्याचा एप्रन आणि तिकोनी टोपी घालून खिळे घडवायचे. आज तो त्याच अवतारात, हातोड्यासकट, गाडीत येऊन बसला.

"कपडे तरी बदलायचेस, मेल्या! आईच्या थडग्यावर असा बहुरूपी होऊन येणार?"

"उजेडात पोचायचंय हा हुकूम तुझाच. मग बदलू कधी? आणि आईने मला पाळण्यातच पाहिलंय, ताई. टोपी असली काय न् नसली काय, ती काय ओळखणार मला?"

यावर लव्हिनियाने गाडी सुरू केली. आई, एसी टॉलिव्हर, गेली तेव्हा ती आठ वर्षांची होती. क्लीव्हन तान्हा होता. त्याला आई फक्त ऐकून माहीत.

"बघ या गावाकडे," ती गल्ल्यांमधून बाहेर पडताना म्हणाली. "एकेक वीट जपून ठेवलीय. कुठल्याशा साहेबाचा मोडका पाइप काचेच्या पेटीत ठेवून त्याला रोज पुसतात. आणि इथून हाकेच्या अंतरावर माझ्या आईच्या छातीवर पोहायचा तलाव खणणार!"

तो तलाव फेअरलॉनमध्ये होणार होता. फेअरलॉन म्हणजे गावाबाहेर पाइनच्या झाडीत वसलेली वसाहत. सारखीच घरं, सारखीच हिरवळ, आणि शांतता इतकी की कुत्रीसुद्धा परवानगी घेऊन भुंकत असावीत. तिथे पूर्वी टॉलिव्हरांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची वस्ती होती. वस्ती उठली, घरं गेली, पण कोपऱ्यातल्या पाइनखाली त्यांची माणसं झोपलेली राहिली. त्यांच्यात थडग्यावर दगड लावत नसत. वर्षभर हिरवा राहणारा निळ्या फुलांचा वेल लावायचा आणि माणूस शेवटचं ज्यातून पाणी प्यालं, ते भांडं वर ठेवायचं. बूड फोडून ठेवायचं. त्यात हयगय चालत नसे. भांडं अखंड राहिलं तर माणसाला या जगाशी बांधणारी साखळी तुटत नाही. गेलेलं माणूस तहानेनं परत येतं, आणि ज्या दारात ते भांडं असेल ते घर आपलं समजतं, आणि तिथे जो त्याला नाव सांगेल त्याला आपलं लेकरू.

फेअरलॉनच्या समितीला हे कुठून कळणार? दगड नाहीत, म्हणजे थडगी नाहीत, असा त्यांनी निकाल दिला. येत्या सोमवारी खणायचं यंत्र येणार होतं.

फाटकावरचा पहारेकरी क्लीव्हनच्या टोपीकडे बघून खूश झाला. "कार्यक्रम आहे का? मला कुणी सांगितलंच नाही."

"आईला भेटायला आलोय," क्लीव्हन म्हणाला.

"कितव्या घरात राहतात त्या?"

"जमिनीखाली!" लव्हिनिया कडाडली. "थडग्यापाशी जायला नातेवाइकांना कायद्यानं अडवता येत नाही. उघड ते फाटक, नाहीतर मी गाडी तशीच घालते."

त्याने उघडलं, आणि लगेच फोन उचलून कुणाला तरी वर्दी दिली.

कोपऱ्यापाशी दोघं उतरली. जमीन साफ खरवडलेली होती. वर लाकडाचा लालसर भुसा पसरलेला. वेलाचं एक पान शिल्लक नव्हतं, भांडं नाही, खापराचा तुकडा नाही. आई डावीकडे होती की उजवीकडे, तेसुद्धा सांगता येईना. तिने मागे वळून रस्त्यापलीकडे पाहिलं. घराघरांपुढच्या वाफ्यांत निळी फुलं डुलत होती. प्रत्येकाने थोडी थोडी उपटून नेली होती.

"अरे देवा," क्लीव्हन पुटपुटला.

"देवाला कशाला मधे आणतोस? हे माणसांनी केलंय," लव्हिनिया म्हणाली.

तेवढ्यात समितीच्या अध्यक्षबाई रस्ता ओलांडून आल्या. गेल प्रुइट. साठीच्या, सडसडीत, मोत्याचे डूल. चेहऱ्यावर हसू होतं, पण डोळ्यांखाली काळं पडलं होतं, जसं कित्येक रात्री झोप नसलेल्या माणसाच्या पडतं.

"मिस टॉलिव्हर ना? इतक्या उन्हात उभ्या का? चला, माझ्या ओसरीवर बसू. थंड चहा देते. आपण शांतपणे बोलू."

"शांतपणे तुम्ही बोला. मला ते आज जमणार नाही."

तरी ती गेली. ओसरीच्या पायऱ्या चढली आणि तिथेच थबकली.

कठड्यावर एक पांढरी चिनी मातीची सुरई होती. गळ्याशी निळी रेघ. कान जरासा तिरका. आत पिवळी फुलं खोचलेली. लव्हिनियाने फुलं ओढून काढली, भिरकावली आणि सुरई वर धरून खाली पाहिलं. बुडाचा फुटलेला तुकडा कुणीतरी नीट बसवून चिकटवला होता. सांध्याची बारीक तपकिरी रेघ गोल फिरली होती.

"हे बूड मी फोडलंय," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढा नव्हता, आणि क्लीव्हनला त्याचीच जास्त भीती वाटली. "आठ वर्षांची होते. आजीने हातात खिळा दिला, हातोडी दिली आणि म्हणाली, फोड, म्हणजे आई सुखानं जाईल. मी रडत रडत फोडलं. आईला मी माझ्या हातांनी घालवलं, बाई. आणि तुम्ही ते चिकटवलंत? फुलं ठेवायला?"

"तुकडा शेजारीच पडला होता..." गेल हळू म्हणाली. "इतकी सुंदर वस्तू... वाया का जाऊ द्यायची असं वाटलं."

"कुठून उचललीत?"

गेल वाकून पडलेली फुलं गोळा करू लागली.

"कुठून उचललीत ते सांगा! त्या पाइनखालून ना? मग पोलिसांत फोन करून तेवढंच सांगा. भांडं होतं, वेल होता, आम्ही सगळं काढून नेलं. सोमवारचं काम जागच्या जागी थांबेल."

"मला इथे राहायचंय हो. या सगळ्यांना मी काय तोंड दाखवू? त्यांनी मला निवडून दिलंय..." गेलने घराकडे एक चोरटी नजर टाकली आणि आवाज आणखी खाली आणला. "त्यापेक्षा तुम्ही ती घेऊन जा. आत्ता. किंवा फोडा. तुम्हाला कसं फोडायचं ते माहितीय म्हणता ना?"

क्लीव्हनने टोपी काढली. "काय झालंय, बाई? खरं सांगा."

"ती रिकामी राहत नाही. मी ओतून टाकते... आणि सकाळी ती काठोकाठ भरलेली असते. पाणी विहिरीचं असावं तसं, मातीचा वास येणारं. इथे विहीर नाहीये. आणि ऊन कललं की..."

ऊन कललंच होतं. रस्त्यावर एकही माणूस नव्हता. पाणी फवारणाऱ्या नळ्या थांबल्या, पाइनमधला वाराही पडला. आणि त्या शांततेत तिघांनीही ऐकलं. घशाखाली पाणी उतरल्याचा आवाज. घट... घट... घट. मोठे, घाईचे घोट, जसा उन्हातून आलेला माणूस पितो. लव्हिनियाच्या हातातली सुरई हलकी हलकी होत गेली. मग कुणीतरी समाधानाचा उसासा टाकला, अगदी तिच्या कानाशी. ओल्या मातीचा आणि साबणाच्या वडीचा वास आला.

"फोडा ना..." गेलने तिचा दंड धरला. "हात जोडते."

क्लीव्हनने हातोडा पुढे केला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ताई, फोड. आईला जाऊ दे. ती दमली असेल गं."

लव्हिनियाने हातोडा घेतला. एक फटका, की आई मोकळी. पण गेलही मोकळी! सोमवारी यंत्र येणार, त्या बाईला रात्री निवांत झोप लागणार, आणि पाइनखाली काय होतं हे सांगायला जगात काहीही उरणार नाही. हे मनात आलं आणि तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"का म्हणून फोडू?" तिने हातोडा भावाच्या हातात परत कोंबला. सुरई होती तिथे, कठड्यावर, ठेवली. मग वाकून तिच्या तोंडाशी तोंड नेलं. "आई, तुझी जागा यांनी खरवडून काढली. तुला आता तिथे काही राहिलेलं नाही. हे घर बघ. मोठं आहे, थंड आहे. आजपासून हे तुझं."

"ताई!"

"चल, गाडीत बस."

"तू रागानं बोललीस. असं बोलू नये. परत घे ते शब्द!"

"परत घ्यायचं असेल तर ही बाई घेईल. समितीला दिलेल्या अर्जावर माझा नंबर आहे. फोन करायला एक मिनिट लागतं."

गेल पायऱ्यांवर उभी राहिली, गाडी वळेपर्यंत. तिच्यामागे ओसरीचं जाळीचं दार आपोआप उघडलं आणि हलकेच मिटलं, कुणी आत गेल्यासारखं.

वाटेत दोघं भांडली, जोरात. तू आईला हत्यार केलंस, असं क्लीव्हन म्हणाला. आई असती तर तिनंही हेच केलं असतं, असं लव्हिनिया म्हणाली. तुला काय माहीत, असंही ती म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला वाईट वाटलं. नदीकाठचा रस्ता लागला तेव्हा फोन वाजला.

"केला..." गेलचा श्वास फुलला होता. "केला मी फोन. सगळं सांगितलं. उद्याच माणसं येऊन जागा आखतील. सोमवारचं रद्द... आता या. तुम्ही या हो. ती स्वयंपाकघरात आहे... भांडी हलवतेय... माझं नाव विचारतेय."

"सांगू नका!" लव्हिनिया ओरडली. "काय वाट्टेल ते होवो, नाव सांगू नका!" पण फोन बंद झाला होता.

तिने गाडी अशी वळवली की क्लीव्हनचं डोकं काचेवर आदळलं. फाटकावरचा पहारेकरी हात हलवत बाजूला झाला. संधिप्रकाश अजून होता. गेलच्या घरातले सगळे दिवे लागले होते आणि मक्याची भाकरी तव्यावर चरबीत तळल्याचा खमंग वास थेट रस्त्यापर्यंत येत होता. लव्हिनियाने तो वास ओळखला. अशी कड करपवून भाकरी तळणारी बाई तिने आयुष्यात एकच पाहिली होती.

सुरई कठड्यावरच होती. तिने उलटी करून पाहिली. सांध्याची रेघ नव्हती. बूड गुळगुळीत, एकसंध, कधी फुटलंच नसल्यासारखं. तिने भावाचा हातोडा घेऊन उगारला आणि जीव खाऊन हाणला. ठण्ण! हातोडा उसळून मागे आला, तिच्या खांद्यात कळ गेली, सुरईचा टवकासुद्धा उडाला नाही. क्लीव्हनने हातोडा हिसकावून घेतला. दिवसभर लोखंड ठोकणारा माणूस तो. त्याने घाव घातला, पुन्हा घातला. दांडा मोडला आणि हातोड्याचं डोकं हिरवळीत जाऊन पडलं.

"आई, मी आलेय!" लव्हिनिया दाराकडे धावली. "मी व्हिनी! चुकले गं मी. बाहेर ये, मी तुला नीट पोचवते, तुझी जागा मिळाली..."

जाळीच्या दारापलीकडे गेल येऊन उभी राहिली. कोपरापर्यंत पीठ माखलेलं होतं. मोत्याचे डूल नव्हते. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं, आणि त्या डोळ्यांत भीतीचा मागमूस नव्हता. खूप दिवसांनी पोटभर जेवलेल्या मुलीसारखी ती दिसत होती.

आतून आवाज आला. भरदार, जरासा घोगरा, लाडाचा. साठ वर्षं लव्हिनियाने तो आवाज कानात जपला होता, झोपेत ऐकला होता, आणि सकाळी उठून त्याच्यासाठी रडली होती.

"गेल, बाळा, कोण आलंय गं दारात?"

क्लीव्हनने बहिणीचा हात घट्ट धरला. "ताई... हाच का? असा होता का आईचा आवाज?"

लव्हिनियाने होकाराची मान हलवली. तिने जाळीवर दोन्ही तळवे टेकले आणि गेलकडे पाहिलं, आयुष्यात कुणाकडे पाहिलं नव्हतं इतक्या काकुळतीनं.

गेलने दोघांना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं, अनोळखी माणसांना न्याहाळावं तसं.

"कोणी नाही, आई," ती आत वळून म्हणाली, आणि तिने दार लावून कडी घातली.