तंबूत डबा ठेवायचा नाही

"मॅडम, डबा बाहेर."

माझ्या तंबूच्या दारात उभं राहून हे म्हणणाऱ्या माणसाला मी पहिल्यांदाच बघत होते, आणि बघताक्षणी तो डोक्यात गेला. राज्य नवं, राजधानी नवी, रायपूरच्या मंत्रालयातली माझी नोकरीही नवी. सुट्टीत जरा जंगल बघावं म्हणून भटक्या मंडळाबरोबर आले, तर इथेही साहेब होताच.

"काहून?"

"भालूले गुळाचा वास कोसभरावरून लागते. खायचं सगळं पोत्यात बांधून झाडाले टांगून राहिलो. तीन वर्षं कॅम्प सांभाळतो मी, कोणाले ओरखडा नाही."

हा यशदीप. सिलतऱ्याच्या कारखान्यात नोकरी, आणि सुट्टीच्या दिवशी हा कॅम्प म्हणजे त्याचा जीव की प्राण.

"आईचा हात मोडला होता," मी फणकारले. "सहा महिन्यांनी पहिल्यांदा लाडू वळले तिनं. झाडावरून माकडं नेतील, त्याचं काय?"

त्यानं डबा दोन्ही हातांनी, जपून घेतला... त्याचाही मला रागच आला.

संध्याकाळी मी राखेनं भांडी घासत होते, तर शेजारी येऊन बसला.

"अजून राग आहे?"

"तुमाले काय करायचं?"

"काही नाही... रागात चांगल्या दिसता."

"मग रोज या चिडवायले," मी बोलून गेले आणि जीभ चावली. तो हसला. मी उगाचच घासलेली कढई पुन्हा घासली.

सकाळी आरडाओरड्यानं जाग आली. पहारा संपवून यशदीप नाल्यावर तोंड धुवायला गेला, तेवढ्यात अस्वलानं त्याचाच तंबू उभा फाडला होता. आत माझा डबा, चेपलेला आणि चाटूनपुसून साफ. सगळ्यांचं खाणं झाडावर सुखरूप होतं. माझे लाडू तेवढे माकडांच्या भीतीनं त्यानं उशाशी ठेवले होते.

"डबा कोणाचा?" मंडळाचे अध्यक्ष गुलाबराव काका कडाडले. "तो माणूस यापुढे कॅम्पले येणार नाही."

"माझा," यशदीप म्हणाला.

माझं टाळकंच सरकलं. "खोटं बोलून राहिला हा, काका. डबा माझा आहे." मग त्याच्याकडे वळले. "अन् तुले अक्कल आहे काय? तू आत झोपला असता तं?"

"नव्हतो ना झोपलो."

"लाडू काय, आई पुन्हा वळेल. तुले कुठून आणू मी?"

माझे डोळे भरून आले होते, आणि तेही रागानंच, असं मी स्वतःला बजावत होते.

काकांनी घसा खाकरला. "दोघांचंही कॅम्पले येणं बंद," म्हणाले आणि चहाकडे निघून गेले.

"मग भेटायचं कुठं?" यशदीपनं हळूच विचारलं.

"तात्यापाऱ्यात, आमच्या घरी. आईची माफी मागायले ये."

"अन् तुझी?"

"माझी मिळणार नाही. जन्मभर चिडूनच राहणार आहे मी तुझ्यावर."

तो हसला नाही. तंबूची दोरी गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता म्हणाला, "चालते."