वीतभर पाणी

"जरा सांगता का, सरळ आहे का?"

आवाज धक्क्याच्या खालून आला. बंदरात जहाजं आत आणणाऱ्या पायलटची मुलगी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन चालली होती. पाऊस म्हणावा तर पाऊस नव्हता, नुसती भुरभुर होती, आणि छत्री उघडायचा तिला कंटाळा आला होता. ती कठड्यावरून वाकली. पायऱ्यांच्या तळाशी कमरेएवढ्या पाण्यात एक तरुण उभा होता. एका हाताने त्याने धक्क्याचा खांब कवटाळला होता, दुसऱ्या हाताने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, आकडे रंगवलेली एक लांब फळी खांबाला लावून धरली होती. ओठांत दोन खिळे.

"सरळ आहे," ती म्हणाली, "पण उलटी आहे."

त्याने मान वर केली.

"शून्य वर गेलंय आणि चार खाली," ती शांतपणे म्हणाली. "भरती आली की तुमच्याकडे पाणी कमी व्हायचं."

त्याने फळीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याचे कान लाल झाले. खिळे ओठांतून काढून तो म्हणाला, "मी बघत होतो, कुणाचं लक्ष आहे का."

"आहे," ती म्हणाली, आणि डबा कठड्यावर ठेवून फळी सुलटी होईपर्यंत थांबली.

तो मोजणीवाला होता. बंदराच्या मुखाची खोली मोजायला नाव आणि यंत्र घेऊन आला होता, आणि ती आकड्यांची पट्टी वाचायला ठेवलेला माणूस पहिल्याच दिवशी तापाने आडवा झाला होता. तिने विज्ञानाची पदवी घेतली होती आणि सध्या घरी बसून बाबांचे डबे पोचवत होती. डबा परत नेईपर्यंत तिला काम लागलेलं होतं.

काम सोपं होतं. नावेच्या तळातून यंत्र खाली आवाज सोडायचं, तो तळाला आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळायची. पण ती खोली त्या क्षणाची. सकाळी चार मीटर असलेली जागा भरतीला सहा मीटर होते, तळ मात्र तिथल्या तिथे असतो. म्हणून कुणीतरी धक्क्यावर बसून दर दहा मिनिटांनी पट्टी वाचायची. पट्टीचं शून्य म्हणजे सर्वांत मोठ्या ओहोटीची पाणपातळी. त्याच्यावर जेवढं पाणी चढलेलं, तेवढं यंत्राच्या आकड्यातून वजा करायचं. उरेल ती खरी खोली, नकाशावर जाणारी.

"म्हणजे माझ्याशिवाय तुमचा आकडा कामाचा नाही," ती म्हणाली.

"आणि माझ्याशिवाय तुमचा."

आकडे वॉकीटॉकीवरून द्यायचे, एक मीटर वीस सेंटीमीटर म्हणजे नुसतं "एक वीस". त्याचा एक नियम होता. तिने आकडा सांगायचा, त्याने तो जसाच्या तसा परत म्हणायचा, आणि तिने "बरोबर" म्हणायचं. तोवर आकडा धरायचा नाही. वारा असतो, यंत्राची खरखर असते, चुकून एकाचे दोन ऐकू येतात.

दिवस असे दहा-दहा मिनिटांनी पुढे सरकू लागले. एक वीस. — एक वीस. — बरोबर. मधल्या वेळात काही बोलायची गरज नव्हती, पण वॉकीटॉकी हातातच असायचा... तिने विचारलं, भरती रोज उशिरा का येते, कालच्यापेक्षा पाऊण तासाहून जरा जास्तच. तो म्हणाला, पृथ्वी एक गिरकी पूर्ण करते तोवर चंद्र थोडा पुढे सरकलेला असतो, त्याच्यासमोर यायला तिला आणखी थोडं फिरावं लागतं.

"म्हणजे चंद्र पळतो आणि पाणी त्याच्या मागे."

"पुस्तकात असं लिहिलेलं नाही."

"पुस्तक धक्क्यावर बसलेलं नाही."

पलीकडून नुसती खरखर आली. तो हसत होता, हे तिला खरखरीतूनही कळलं. एके दुपारी पावसाची सर अचानक जोरात आली तेव्हा आकडा परत म्हणायच्या आधीच तो म्हणून गेला, "आडोशाला हो गं, भिजू नकोस." मग घाईघाईने, "दोन दहा." तिने "बरोबर" म्हटलं, आणि कशाला म्हटलं ते दोघांनीही विचारलं नाही. त्या दिवसापासून अहो-जाहो संपलं.

नाव उभ्या ओळींत नेऊन मुख मोजून झालं की त्यांना छेद देणाऱ्या काही आडव्या ओळी घ्यायच्या असतात, पडताळ्यासाठी. नियमाला तीन-चार पुरतात. त्याने डझनभर आखल्या. नावेचं सुकाणू धरणारे काका मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले म्हणे, पोरा, समुद्र विणायला घेतलास की काय. ओळी इतक्या कशाला, असं तिनेही विचारलं. पाण्याचा भरवसा नाही, तो म्हणाला. आणि मग, खूप वेळाने, "तुला घाई आहे का?"

नव्हती.

बोलताबोलता त्याने हेही सांगितलं होतं की बंदर चालू राहिलं तर दर वर्षी पावसाळ्यानंतर पुन्हा मोजणी होईल. आणि ते काम तो मागून घेईल.

बंदर चालू राहिलं तर.

मुखाशी पाण्याखाली वाळूचा एक दांडा आडवा पसरलेला होता. दर आठवड्याला येणारं मालवाहू जहाज त्याच्यावरून सांभाळून आत आणायचं, हे तिच्या बाबांचं काम. आई गेल्यापासून घरात ते दोघंच. जहाजाच्या कंपनीने कळवलं होतं, दांड्यावर नकाशात अमुक एवढी खोली दिसली तरच जहाज इथे येईल, नाहीतर पलीकडच्या मोठ्या बंदरात जाईल. जहाज गेलं की बंदरात उरणार काय, चार होड्या आणि कावळे. बाबा मात्र निर्धास्त होते. दांडा जिथे होता तिथेच आहे, ते म्हणायचे, मी काय आज ओळखतो त्याला? मोजणीवाल्याला चहा देताना ते त्याची चेष्टा करायचे, तुमचा यंत्राचा डबा पाण्याशी बोलतो म्हणे, मग माझाही नमस्कार सांगा. पण त्या रविवारी रात्रीचं जेवण झाल्यावर ते ताट हातात घेऊन बराच वेळ तसेच उभे राहिले. मग हसून म्हणाले, "पट्टी माझ्या लेकीच्या हातात आहे. मला कसली काळजी?"

ते गमतीने म्हणाले होते, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते जास्त लागलं.

सोमवारी नाव दांड्यावर गेली. पाणी काचेसारखं सपाट होतं, पट्टीवरचा आकडा लहान मुलानेही वाचला असता. एक नव्वद. तिने वॉकीटॉकी तोंडाशी नेला. नावेवरचे आकडे सकाळपासून तिच्या कानावर पडत होते. वजाबाकी तिला करता येत होती. दांडा वाढला होता. फार नाही, वीतभर; पण कंपनीच्या अटीला तेवढीच वीत कमी पडत होती.

"एक सत्तर," ती म्हणाली.

"एक सत्तर," तो म्हणाला.

एक होडी धक्क्याला घासून गेली.

"...बरोबर."

पाणी कमी सांगितलं की वजा कमी होतं आणि तळ खोल दिसतो. पहिला आकडा जड गेला. नंतर दिवसभर ती प्रत्येक आकड्यातून तेवढीच वीत काढत राहिली, कमी नाही की जास्त नाही. चूक करायची तर ती नीट करावी, एवढंच तिच्या शिकलेल्या डोक्याला सुचलं. प्रत्येक वेळी त्याचा विश्वासाने भरलेला आवाज आकडा परत आणून द्यायचा, आणि प्रत्येक वेळी तिला "बरोबर" म्हणावं लागायचं.

गुरुवारी दुपारी तो धक्क्यावर आला. पाऊस नुकताच थांबला होता. पायऱ्या ओल्या होत्या, तरी तो तिच्याशेजारी बसला, आणि तिच्याकडे न बघता पाण्याकडे बघत बोलू लागला.

"आडव्या ओळी झाल्या. उभ्या ओळींना जिथे छेदतात तिथे दोन्ही वेळची खोली एकच यायला हवी. सगळीकडे येते. फक्त सोमवारच्या ओळींवर फरक आहे."

"किती?"

"वीतभर. डझनभर ओळी आहेत, प्रत्येकीवर तेवढाच." तो थांबला. "लाटांनी झाला असता तर कमीजास्त असता. यंत्राने झाला असता तर खोल पाण्यात वाढला असता. इतका नेमका फरक माणूसच करू शकतो."

त्यातल्या तीन-चारच ओळी कामाच्या होत्या. बाकीच्या त्याने का आखल्या होत्या, ते दोघांनाही माहीत होतं. तिचं बोट पायरीच्या कडेवरून पुढे-मागे फिरत राहिलं.

"कशासाठी केलंस?"

उत्तरं दोन होती. एक सांगता येण्यासारखं होतं.

"बाबांसाठी," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी विझलं. त्याने ते लपवायचा प्रयत्न केला, आणि तो प्रयत्न तिला दिसला.

"त्या वीतभर पाण्यावरून जहाज कोण आणणार आहे?" त्याने हळूच विचारलं. "नकाशा बघून, भरवशाने?"

तिला ते सोमवारीही माहीत होतं, पण विचार तिथे आला की ती तो बाजूला सारत होती. आता तो विचारच समोर येऊन बसला होता. जहाजाच्या सुकाणूघरात उभे असलेले बाबा, आणि पायांखाली खर्रकन घासलेली वाळू... तिने तोंड ओंजळीत लपवलं. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवायला उचलला, आणि मग पायरीवरच ठेवला.

ऑफिसला तो एवढंच कळवणार होता की सोमवारचं काम समाधानकारक नाही, पुन्हा करतोय.

शुक्रवारी पुन्हा तोच दांडा, तीच मोजणी. तिने जे दिसलं ते सांगितलं, त्याने जे ऐकलं ते परत म्हटलं. शेवटचा आकडा झाल्यावर तो म्हणाला, "नीट वाचलंस."

जहाज आता येणार नाही, ही बातमी बाबांना बंदराच्या ऑफिसातून कळली. ते घरी आले, चपला जागेवर काढल्या, पाणी प्यायले.

"वीतभर कमी पडलं म्हणे," ते म्हणाले. "पट्टी नीट वाचलीस ना तू?"

"हो बाबा."

"मग ठीक आहे." ते खुर्चीत बसले. जरा वेळाने म्हणाले, "तुझ्या आत्याला कळवायला हवं, आपण तिकडे राहायला येतोय म्हणून. तिच्या गावात पाणी नळालाच येतं, तेही दिवसाआड." आणि हसले. त्या हसण्याने तिला जे झालं, ते ओरडण्याने झालं नसतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मोजणीवाल्याने तिला विचारलं. फार शब्द नव्हते त्याच्याकडे. पुढचं काम कुठे आहे ते सांगितलं, भाड्याची खोली कशी आहे ते सांगितलं, खिडकीतून खाडी दिसते म्हणाला. मग म्हणाला, "चलशील?"

"बाबांना आता पाण्यावाचून राहायला शिकवायचंय," ती म्हणाली. "त्यांचं पाणी गेलं. लगेच मीही गेले, आणि तेही ज्याने मोजलं त्याच्याबरोबर... नाही रे जमायचं."

"मी थांबू शकतो."

"मला किती दिवस लागतील ते ठाऊक नाही. न वाचलेला आकडा कसा सांगू?"

तो हसला नाही. पट्टी राहू दे म्हणाला, काढायची घाई नाही. वॉकीटॉकी उद्या ऑफिसात जमा कर. आणि नाव मुखाबाहेर पडेपर्यंत आकडे देत राहा.

"कशाला? काम तर संपलं."

"सवय," तो म्हणाला.

सकाळी ऐन भरतीला नाव सुटली. आभाळ खाली आलेलं होतं आणि पाणी राखाडी. ती पायरीवर बसली. काकांनी सुकाणूवरून हात हलवला. तो नावेच्या मागच्या टोकाला उभा होता, लहान लहान होत चाललेला.

"दोन साठ," ती म्हणाली.

"दोन साठ."

"बरोबर."

दहा मिनिटांनी नाव दांड्याजवळ पोचली. खरखर वाढली होती. पट्टीवर पाणी थांबलं होतं, चढतही नव्हतं, उतरतही नव्हतं. तिने बटण दाबलं, पण आकडा आला नाही.

"ऐकतोयस?"

"हो."

"सोमवारचं... ते फक्त बाबांसाठी नव्हतं. तू दर वर्षी येशील, म्हणूनही होतं."

खरखर. वारा. तिला वाटलं, गेलं, ऐकू गेलं नाही. मग त्याचा आवाज आला, तुटक, एकेक शब्द जपून ठेवल्यासारखा.

"फक्त बाबांसाठी नव्हतं. मी दर वर्षी येईन, म्हणूनही होतं."

तिने डोळे मिटले.

"बरोबर," ती म्हणाली.

नाव दांड्यावरून पलीकडे गेली, आणि खरखरही थांबली. ती तिथेच बसून राहिली. दहा मिनिटं झाल्यावर तिने पट्टीकडे पाहिलं, बटण दाबलं आणि आकडा सांगितला. दोन पंचावन्न. पाणी उतरायला लागलं होतं. आकडा कुणी परत म्हटला नाही.

तिने वॉकीटॉकी मांडीवर ठेवला आणि पुढच्या आकड्याची वाट पाहू लागली.