दगडाची मागची बाजू

पिरंगुटच्या बाजारात, बस थांब्याच्या मागे, माझं ग्रॅनाइटवर अक्षरं कोरायचं दुकान आहे. बंगल्यांच्या पाट्या, मशिदीच्या-देवळाच्या देणगीदारांची नावं, कबरींचे दगड, सगळं करतो. वडिलांच्या वेळी छिन्नी होती, आता मशीन आहे. माझं नाव अनिस तांबोळी. जे झालं ते मी मोजमापासकट सांगणार आहे. दुसऱ्या रीतीनं मला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी मार्चमध्ये आसणवाडीचे दादासाहेब दुकानात आले. आसणवाडी रिह्याच्या खोऱ्यात, चाळीस-पन्नास उंबऱ्यांची. तिथल्या चावडीच्या भिंतीत इंग्रजांच्या काळची पाटी आहे: या गावातून तेवीस माणसं पहिल्या महायुद्धावर गेली, त्यांतली सात कामी आली. नावं नाहीत. दादासाहेबांनी दोन वर्षं लष्कराचे कागद धुंडाळून ती सात नावं शोधली होती. त्यांचं स्मारक शाळेच्या आवारात उभं करायचं होतं. दगड काळा, सहा फूट बाय चार. पुढची बाजू आरशासारखी, मागची करवतीनं कापलेली, तशीच खरबरीत ठेवायची.

एप्रिलच्या शेवटी दगड उभा केला, त्या दिवशी गावातली गंगूबाई काठी टेकत आवारात आली. नव्वदीची असेल. दगडाभोवती एक फेरी मारून तिनं मला विचारलं, "बाकीची कुटं हायेत?"

मला वाटलं, परत आलेल्या सोळांबद्दल विचारतेय. तसं नव्हतं. त्या सोळांतला एक जण आजारी होऊन आला आणि त्याच्या मागून गावात मानमोडीचा, साथीचा ताप शिरला. अठरा दिवसांत एक्केचाळीस माणसं गेली, बहुतेक बायका आणि पोरं. त्यांची कुठे नोंद नाही. पण भादव्याच्या अवसेला गावातल्या बायका नदीवर जाऊन ती एक्केचाळीस नावं घेतात. गंगूबाईला ती सासूनं शिकवली होती. ती नावं दगडावर यावीत असं तिचं म्हणणं होतं.

"ती बी लढाईनंच मारली की," ती म्हणाली.

दादासाहेब म्हणाले, हे हुतात्म्यांचं स्मारक आहे, तापानं मेलेल्यांचं नाही. स्मारकाच्या समितीनं त्यांचीच री ओढली. ग्रामसभेत भांडण झालं, दोन भावकींचं बोलणं बंद झालं, अनावरण पुढे गेलं. ताप घेऊन आलेला तो माणूस दादासाहेबांचा पणजोबा होता. सभेत हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोललं नाही.

मे महिन्यात दादासाहेबांचा फोन आला. दगड पाझरतोय, खराब माल दिलास, म्हणाले. ग्रॅनाइट पाझरत नाही. तरी गेलो.

सकाळचे दहा वाजले होते. शाळेला सुट्टी, आवारात चिटपाखरू नाही, जमीन तापलेली. पुढची बाजू कोरडी होती. मागच्या बाजूला ओल्या हातांचे ठसे होते. मोठे, लहान, काही फारच लहान. प्रत्येकाचा एकच, उजवा. मी दोनदा मोजले. एक्केचाळीस.

कुणीतरी चावटपणा करतंय असं मला वाटलं. दादासाहेबांनाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सकाळी सातपासून दगडामागे खुर्च्या टाकून बसलो. कुणी आलं नाही. साडेनऊच्या सुमाराला जुन्या भिंतीतून ओल फुटते तसे ठसे आतून वर आले, एकेक करून. मी एकाला बोट लावलं. पाणी गार होतं, विहिरीच्या तळाचं असतं तसं. बारापर्यंत सगळे सुकले. डाग राहिला नाही.

 दादासाहेब उठून थेट गंगूबाईच्या घरी गेले, मी मागोमाग.

तिनं ओसरीवर बसून, डोळे मिटून नावं सांगितली. मी लिहून घेतली. मधेच ती म्हणाली, "तांबोळ्याची आमिना, न् तिचा तान्हा इब्राहिम." आमचं घर मूळचं आसणवाडीचं, एवढं मला माहीत होतं. आमिना कोण हे घरात कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी लिहीत राहिलो.

शेवटचं नाव आलं तेव्हा ती थांबली. "खंडूच्या घरची लेक. नऊ दिसांची."

"नाव?"

"नाव न्हवतं. बारसं बाराव्या दिसाला असतंय."

खंडू म्हणजे दादासाहेबांचे पणजोबा, आदल्या हिवाळ्यात रजेवर घरी येऊन गेलेले. मी दादासाहेबांना म्हटलं, तुमच्याच घरची लेक, आता तुम्हीच काहीतरी नाव ठेवा, मी कोरतो. 

"नाव आत्यानं ठेवायचं असतंय," ते म्हणाले. "तिची आत्या बी ह्याच यादीत हाय. हाय तसं कोरा."

मी हातात धरायच्या मशीननं जागेवरच काम केलं, रोज पाच-सहा नावं. कोरायला बसण्याआधी ठसे मोजायचो आणि वहीत आकडा टाकायचो. एक्केचाळीस. मग छत्तीस. मग तीस. जेवढी नावं आदल्या दिवशी झालेली, तेवढे ठसे कमी. आमिनाचं आणि इब्राहिमचं नाव कोरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी जरा उशिरानंच गेलो.

आठव्या दिवशी शेवटची ओळ कोरली: खंडू यांची कन्या, वय नऊ दिवस.

नवव्या दिवशी एक ठसा होता. जमिनीपासून वीतभर उंचीवर, दीड इंच रुंद.

ऑगस्टमध्ये अनावरण झालं. सगळी नावं वाचली, पुढची आणि मागची. बंद झालेलं बोलणं सुरू झालं. गंगूबाई दिवाळीनंतर गेली, झोपेतच. उरलेल्या त्या ठशाबद्दल गावात कुणी विचारत नाही. आवारातली पोरं त्या बाजूला खेळत नाहीत, एवढंच.

मी महिन्यातून एकदा जातो. दादासाहेब येतात. मी टेप लावतो, ते वहीत लिहितात. सप्टेंबरमध्ये ठसा फूटभर उंचीवर होता, दोन इंच रुंद. दिवाळीत दोन फुटांवर. जानेवारीत बोटं वेगवेगळी दिसायला लागली, लांबसडक. दादासाहेबांनी एकदा विचारलं, नाव ठेवायला आता उशीर झाला का? मला काय ठाऊक, म्हटलं.

काल गेलो. ठसा साडेतीन फुटांवर होता. पहिल्यांदाच दोन होते, डावा आणि उजवा. मी रुंदी सांगितली, दादासाहेबांनी लिहिली. मग त्यांनी पेननं दोन्हींच्या मधे दाखवलं.

तिथं एक लहान, वाटोळी ओल होती. भिंतीपलीकडचं ऐकायला आपण कान टेकवतो, तेव्हा उमटेल तेवढी.

आम्ही दोघांनी बोलणं थांबवलं.