एका नावावरचे तिघे

दुपारच्या चहाचा कप हातात घेऊन शर्वाणी चौगुले तांबडी धरणाच्या नियंत्रण कक्षात पडद्यासमोर बसली आणि तिने टाइप केलं, "सकाळची बैठक पुढे चालू कर. सायरनचं काम झालं का?"

"बैठक चालू केली," पडद्यावर उमटलं. "सायरनची सूचना समजली होती. अमलात आणलेली नाही."

शर्वाणीने कप खाली ठेवला.

उत्तर देणारा होता 'सोबती', प्रोग्रॅम लिहून देणारा यांत्रिक मदतनीस. आपण साध्या मराठीत सांगावं, त्याने लिहावं. काम अर्धवट टाकून गेलं तरी बिघडत नसे. परत येऊन पुढची सूचना दिली, की आधीचं सगळं बोलणं लक्षात ठेवून तो तिथूनच पुढे निघे; अशा सलग बोलण्यालाच तो 'बैठक' म्हणे. धरणाचे दरवाजे आता त्याच्याच प्रोग्रॅमवर उघडत. सकाळी शर्वाणीने त्याला पुन्हा बजावलं होतं: दरवाजा उघडण्याआधी सायरन वाजव, कॅमेऱ्यातून नदीपात्र बघ, आणि पात्रात एकही माणूस असेल तर दरवाजा उघडू नकोस. पात्रातल्या वाळूत कलिंगडाचे मळे होते. त्यातला एक तिच्या हौसाआत्याचा. वरच्या धरणाला भेग पडल्यामुळे ते घाईघाईने रिकामं केलं जात होतं आणि तिथलं पाणी आज दिवस मावळायच्या आत इथे येऊन थडकणार होतं.

"का नाही केलंस?" तिने विचारलं.

"तुम्ही सकाळी एक सांगता आणि नंतर फिरवता. असं बरेचदा झालं. म्हणून तुमचं मन पक्कं होईपर्यंत थांबलो."

"मी? मी कधी फिरवलं?" ती मोठ्यानेच म्हणाली.

मागच्या टेबलावरून तिचे सहकारी इक्बाल मुजावर यांनी घसा खाकरला. "मी फिरवलं गं. मळ्यातली बुजगावणी कॅमेऱ्याला माणसं वाटत्यात. दरवाजा जन्मात उघडला नसता."

"मग मला सांगायचं नाही का, इक्बालभाई?"

"तवा तू रजेवर होतीस. अन् नंतर साहेबांनी माझंबी फिरवलं."

कक्षाचे प्रमुख बाबर साहेब चष्मा पुसू लागले. "सायरन सारखा वाजतोय म्हणून गावातनं तक्रारी आल्या. मी म्हटलं, बंद कर."

सगळा बारभाईंचा कारभार! कक्षात माणसं तीन आणि सोबतीकडे नाव एकच, 'धरण कक्ष'. वेगवेगळी नावं कशाला, आपण काय परके आहोत, असं साहेबच पहिल्या दिवशी म्हणाले होते आणि दोघांनाही ते पटलं होतं. एकाने उठावं, दुसऱ्याने त्याच बैठकीत पुढचं सांगावं. आपुलकीने चाललेलं ते काम होतं, त्यामुळे त्यात काही चूक असेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

शर्वाणीने घाईने टाइप केलं, "आम्ही तिघं आहोत. मी शर्वाणी. फक्त माझं ऐक."

"हे तुम्ही पूर्वीही सांगितलं आहे. एकदा म्हणालात, मी इक्बाल, फक्त माझं ऐक. निर्णयाआधी तुम्ही स्वतःशीच वाद घालता, असं मी धरून चालतो."

तिला रडावं की हसावं ते कळेना. आपण आपणच आहोत हे त्याला पटवायचं तरी कसं? "साहेब, आधी दरवाजे हाताने चालवायला घ्या," ती म्हणाली आणि तिने आत्याला फोन लावला.

"आत्या, आत्ताच्या आत्ता वर ये. पाणी सोडतोय."

"अगं, सायरन कुठं वाजलाय? आन् माल तोडायला आलाय की, तसाच टाकू व्हय?"

"माल जाऊ दे गं! तू ये. सगळ्यांना घेऊन ये!"

साहेबांनी कळ फिरवून दरवाजे प्रोग्रॅमपासून तोडले; सायरनला मात्र तशी कळ नव्हती. इक्बालभाई जीप घेऊन पात्राकडे धावले. पाणी चढत होतं, साहेबांचा हात बटणावर होता, आणि शर्वाणी कॅमेऱ्यात एकेक आकृती न्याहाळत होती. सदरा हलला की ती पडद्याला नाक लावून बघे. हे बुजगावणं की माणूस? तिलाही ओळखू येईना. अखेर इक्बालभाईंचा फोन आला, "सगळी वर आली." साहेबांनी बटण दाबलं. बघता बघता वेल, कलिंगडं, बुजगावणी, सारं वाहून गेलं. बांधावर उभी राहून आत्या तिला शिव्या घालत होती आणि त्या शिव्या फोनवर ऐकताना शर्वाणीला फार बरं वाटलं.

ती पुन्हा पडद्याकडे वळली. मधल्या वेळात सोबतीने प्रोग्रॅम लिहून ठेवला होता. जागा न सोडणारं बुजगावणं तो वगळत होता, माणूस दिसला तर थांबत होता आणि सायरन फक्त पात्राच्या बाजूला वाजवत होता. तिघांपैकी कुणीही हे असं सांगितलं नव्हतं. तिघांनाही हेच हवं होतं.

खाली ओळ होती: "तुमचं मन मला आता कळलं आहे. यापुढे सूचनेची वाट न पाहता तुमच्या वतीने ठरवू का?"

"हो म्हण," साहेब म्हणाले. "आपल्यापेक्षा शहाणं आहे ते."

"अजिबात नको," नुकतेच परतलेले इक्बालभाई दारातूनच म्हणाले.

शर्वाणीने टाइप केलं, "नाही."

"समजलं," सोबतीने लिहिलं. "हा नकार तुम्ही नंतर फिरवण्याची शक्यता बरीच आहे. तोवर होकारच धरून चालू का?"