गणपत भोयाच्या अंगणातले घडे

घड्यांतली माशांची पिल्लं पोट वर करून तरंगत होती. बोटाच्या पेराएवढी, पांढरीफटक. फौजदार भीमसेन गलगलींनी एकेका घड्यात वाकून पाहिलं. आत काही हलत नव्हतं, आणि त्यांच्या मनातही काही हललं नाही. बायको गेल्यापासून त्यांचं असंच चाललं होतं. वेळ झाली की जेवायचं, बोलावणं आलं की निघायचं.

एकोणीसशे चौतीसचा श्रावण. अळणावरजवळच्या या गावाचं तळं भोयांनी स्वतःच ओरबाडून खाल्लं होतं, आणि हे ते स्वतःच सांगत. बारीक जाळी टाकून पोटात गाभोळी असलेली मासळीसुद्धा सोडली नव्हती. तळं रिकामं झालं तशी अर्धी घरं हुबळीला गेली आणि तिथल्या दुर्गदबैल बाजारात ओझी उचलू लागली. शेवटी गणपत भोयानं साऱ्यांना देवीपुढे शपथ घ्यायला लावली, की तळं भरेपर्यंत जाळं खुंटीला. काळी नदीतून गाडीवर पिल्लं आणली. आज ती तळ्यात सोडायची होती.

आणि आज गणपतच्या अंगणात पंच बसले होते आणि कृष्णा भोई आंब्याला बांधलेला होता. त्याचा ओठ फुटला होता. त्याला जन्माचं वाळीत टाकायचं आणि जाळी खाली काढून उरलंसुरलं तळं वाटून घ्यायचं, असं ठरतच आलं होतं. पोलीसपाटलानं वेळेवर निरोप धाडला म्हणून थांबलं.

"ह्यानंच शेराचा इखारी चीक घातला पाण्यात," गणपत म्हणाला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ! शपथेला आडवा आला तो ह्योच. आन् बगा की साहेब, ह्याच्या एकट्याचा घडा जिता ऱ्हायला."

फौजदार कृष्णाकडे वळले. "तुझा घडा कुठे होता?"

"तळ्याच्या काठाला. गळा तडकला हुता त्याचा. अंगणात आणताना फुटंल म्हून तितंच पाण्यात टेकवला."

"बाकीच्या घड्यांजवळ गेलास?"

"न्हाई. घडे उतरवून समदेच आंघुळीला गेलो. देवीचं काम हुतं."

"शपथेला विरोध केलास, हे खरं?"

"केला. घरात चूल पेटत न्हवती. पन घेतली नव्हं शपथ? वाटंभर घडा मांडीवर धरला की म्या."

गणपतची बायको अनसूया उंबऱ्यावर बसली होती. डोळ्यांत पाणी नव्हतं. ती घड्यांकडे पाहत होती, पण तिला घडे दिसत असतील असं वाटत नव्हतं.

"अनसूयाक्का, पुरुष आंघोळीला गेले तेव्हा घरी कोण होतं?"

"मीच."

"बाहेरचं कुणी आलं?"

"न्हाई. कवाड लावलं हुतं. परक्याची नजर नको म्हून."

"पाणी बदललंत? काही खायला घातलंत?"

"न्हाई ओ. दिष्ट काढली आन् नैवेद्याला लागले."

फौजदारांनी घड्यांच्या तोंडांची फडकी उचलली. प्रत्येकावर तांबडे डाग होते. कुणीतरी म्हणालं, गाडीवर पान खाऊन थुंकलं असंल. घड्यांतलं पाणीही तांबूस होतं, पण इकडच्या लाल मातीत पावसाळ्याचं पाणी तसंच असतं, त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. कृष्णाच्या घड्याचं फडकं मागवलं. ते स्वच्छ होतं.

फौजदारांनी पूजेच्या ताटातलं लिंबू कापलं आणि एका डागावर पिळलं. तांबडा डाग पिवळा झाला.

"हळद!" मागून एक बाई म्हणाली.

"हळदच," फौजदार म्हणाले. "पानाचा डाग असा पिवळा होत नाही. हळदीला साबण किंवा चुना लागला की ती तांबडी होते, हे घरच्या बायकांना मी सांगायला नको. इथे साबण कोण आणणार? हळद, चुना आणि पाणी. नवी नवरी दारात आली, तान्हं मूल घरी आलं, की तुम्ही कशानं ओवाळता?"

आरतीचं तांबडं पाणी साऱ्यांनाच ठाऊक होतं.

"पटकीच्या साली विहिरींत चुना टाकायला मीच उभा होतो. त्यातले मासे असेच वर आले होते. कृष्णाचा घडा या अंगणात आलाच नाही, म्हणून त्याला कुणी ओवाळलं नाही. तो वाचला तो एवढ्यामुळेच. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाला होतात, आणि इथे तर चोरही नाही." ते उंबऱ्याशी गेले. "अक्का, ओवाळलेलं पाणी दाराबाहेर टाकतात. तुम्ही घड्यांत का घातलंत?"

"एकेक ओंजळ घातली," अनसूया म्हणाली. आवाज सपाट होता. "नुसतं ओवाळून, टिळा लावून दिष्ट जात न्हाई. माझी दोन लेकरं तशीच गेली. म्हून ह्यांच्या समद्या अंगाला लागू दिलं."

गणपत उठला. लोकांना वाटलं, आता हा बायकोवर धावणार. तो आंब्याकडे गेला आणि दोरीची गाठ सोडू लागला. गाठ त्यानंच मारली होती, पण सुटेना. शेवटी पोलीसपाटलानं दोरी कापली.

कृष्णानं मनगटं चोळली. "एक घडा हाय," तो पंचांना म्हणाला. "तेवढा सोडू या. जाळी खुंटीलाच ऱ्हाऊ द्या. पाऊस हाय तंवर पुन्हा काळीला जाऊ. गाडी म्या हाकतो."

पंचांनी माना हलवल्या. तळं वाचलं म्हणायचं. आनंद मात्र कुणाच्या तोंडावर दिसला नाही. माणसं तळ्याकडे निघाली.

फौजदारही निघणार, तोच अनसूयानं त्यांना थांबवलं.

"साहेब, माझ्या लेकरांनाबी म्या ह्येच पाणी लावलं हुतं. कपाळाला. पायाला. मंग त्यांलाबी म्याच..."

"नाही, अक्का. कपाळाला लावलेल्या पाण्यानं मूल मरत नाही. तुमची लेकरं तुमच्या हातानं गेली नाहीत."

तिनं मान डोलावली.

"पन पाणी त्येच हुतं की ओ," ती म्हणाली.

फौजदार तिच्याजवळ उंबऱ्यावर बसले आणि पुन्हा नाही म्हणाले. ती पुन्हा विचारत राहिली.