तिसऱ्या टेकमधला श्वास

बाजाकाकांना दोन वर्षांनी रेकॉर्डिंगचं बोलावणं आलं होतं. एके काळी सिनेमात नायक एकटा पडला, की पार्श्वसंगीतात यांचा माउथ ऑर्गन वाजायचाच. आता ते काम संगणक करतो. सकाळी अकराला ते काचेच्या खोलीत उभे राहिले. काचेपलीकडे संगीतकार आणि रेकॉर्डिस्ट बाई. सव्वा मिनिटाचा तुकडा, काकांच्या डाव्या हातचा मळ.

पहिला टेक झाला आणि बाईंनी विचारलं, आत आणखी कुणी आहे का? सुरांच्या मधल्या जागेत श्वास ऐकू येत होता. काका हसले. म्हाताऱ्याचा भाता आहे, म्हणाले, कुरकुरणारच. पंखा बंद केला, माइक बदलला. दुसऱ्या टेकलाही तेच.

“काका, हा तुमचा नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही फुंकताय, तेव्हा तो आत ओढतोय.”

काकांनी हेडफोन चढवून टेक ऐकला. दोन आखूड, एक लांब, शेवटी बारीक शीळ. वर्षभर या श्वासावर कान ठेवून ते निजले होते. बायकोची फुप्फुसं निकामी झाली होती. ती गेली त्या दुपारी ते अशाच खोलीत वाजवत होते. घरून निरोप आला, तेव्हा ‘आलोच, तिला म्हणावं जरा दम धर’ असं सांगून त्यांनी तुकडा पुरा केला होता. हे लेकीलाही ठाऊक नव्हतं.

“मशीनचा असेल,” ते एवढंच बोलले.

तिसऱ्या टेकला त्यांच्या ध्यानात आलं. सूर लांबवला की श्वास सैलावतो. थांबलं की गुदमरतो.

मग ते थांबलेच नाहीत. तुकडा संपला. संगीतकाराने हात वर केला. काकांनी पाठ फिरवली. ओठ चिरला, रक्ताची खारट चव आली. पाच मिनिटं. सात.

शेवटी त्यांचाच दम संपला.

हेडफोनमध्ये एक श्वास आत ओढला गेला. ते वाट पाहत राहिले.

तो बाहेर पडला नाही.

बाईंनी टेक पुन्हा लावून ऐकला. “छान आलाय,” त्या म्हणाल्या. “या वेळी श्वास नाही कुठे.”

काका बाहेर आले. दार ओढता ओढता त्यांनी मागे पाहिलं. काचेवर आतून वाफ धरली होती. खालच्या कडेला, खाटेवर पडलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीला. मुठीएवढा डाग. तो आक्रसत गेला, जवळजवळ दिसेनासा झाला.

आणि पुन्हा पसरला.