शेवटच्या गाडीची बत्ती

जेवणं आटोपली तशी वाघ्यानं बैल अंगणात आणले. सकाळी ऊन चढायच्या आत खालापूरला भात पोचवायचं होतं. दोन गाड्या होत्या. पुढची तो स्वतः हाकणार होता आणि मागची त्याचा मेव्हणा.

ओट्यावर लडकूतात्या तपकीर ओढत बसले होते. ते म्हणाले, "सकाळी निघा की रं. रातीचं कशाला?"

"मागच्या गाडीला कंदील बांधलाय, तात्या. वळून बघितलं की कळतं, येतोय म्हनून."

तात्यांची चिमूट नाकाशी जाता जाता थांबली.

"कंदील दिसला म्हंजे गाडी येतीय, असं तुला कोनी सांगितलं?"

वाघ्याची बायको आवडी तापलेलं पोर मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसली होती. तिनं तेवढ्यावरच नवऱ्याच्या हातातला कासरा ओढून घेतला. "बसा दोघं बी. तात्या, सांगा तुमी. उजाडेपतुर सांगा, मंजी हे जायचं नाव घ्यायचे नाय."

"गोष्ट नाय सांगत पोरी. माझ्या शेजारच्या घरातलं हाय. सखाला मी रोज बघायचो. सात वर्सं झाली त्या रातीला."

आणि मग तात्यांनी सांगितलं ते असं.

सखा कर्जतच्या इंजिनशेडमध्ये कोळसा टाकायला लागला आणि नोकरीतून उतरला तेव्हा ड्रायव्हर होता. सगळं आयुष्य घाटात गाड्या वर ढकलण्यात गेलं. कान्हा मालगाडीवर गार्ड होता, पोपट रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला. तिघं एकाच सालात घरी बसले. पेन्शन अशी कुणालाच नव्हती, तरी गाव त्यांना पेन्शनर म्हणे. तिघं सकाळी उठून कपडे करत, स्टेशनापर्यंत जात, आणि आपल्यावाचून गाड्या वेळेवर सुटतात हे बघून तोंड पाडून परत येत.

सखाची बायको सोनुबाई. तिनं समुद्र पाहिला नव्हता. मुंबईला नेतो, मुंबईला नेतो म्हणत सखाची नोकरी सरली होती. पण खरी अडचण वेगळीच होती. आगगाडीवाल्याची बायको, आणि डब्यात पाऊल टाकलं की तिला उमासे येत. शेवटी ती म्हणाली, "अवो, बैलगाडीनं न्या. तुमची आगगाडी मला काय धार्जिणी नाय."

सखाला ते पटलं. कान्हाला पटलं. पोपटाची बायको कधीच वारली होती, त्याला घरात धरून ठेवायला कुणी नव्हतं. शिमग्याच्या आधी तीन गाड्या जोडून मंडळी निघाली. पेण झालं, अलिबाग झालं, मग किनाऱ्याकिनाऱ्यानं नागाव, चौल, रेवदंडा. उजवीकडं समुद्र, डावीकडं नारळी-पोफळीच्या वाड्या. रात्री वाडीत गाड्या सोडायच्या, सकाळी विहिरीच्या रहाटाच्या आवाजानं उठायचं. घाटातल्या काळ्या धुरात वाढलेली माणसं ती, मोकळ्या वाऱ्यानं त्यांना भूक लागायला लागली.

आणि गाड्या चालवायच्या कशा, तर आगगाडीसारख्या. पुढं सखा, ते इंजिन. मध्ये पोपट, त्याच्या गाडीत सामान. शेवटी कान्हा, तो गार्ड. कान्हाकडं त्याची जुनी हातबत्ती होती, भिंग फिरवलं की तांबडी, फिरवलं की हिरवी. प्रत्येक वळणाला सखा आपला कंदील वर करी आणि मागून कान्हा हिरवी दाखवी. म्हणजे सगळं ठीक, चल पुढं. काही बिनसलं तर तांबडी. वाटेवरची पोरं हसत. कान्हाची बायको जनी कपाळाला हात लावून म्हणे, "नोकरी सुटली पन ह्यांची खोड काय सुटंना."

रेवदंड्याला सोनुबाई पहिल्यांदा पाण्याजवळ गेली. पायावरून लाट गेली तशी खाली बसलीच. म्हणाली, "एवढं पानी, आन घोटभर पिता येत नाय."

सखा म्हणाला, "हे सगळं उकळायचं म्हंजे कोळसा किती लागंल रं पोपट?"

"तू टाकायला लाग. सरला की सांगतो."

तिघं म्हातारे पोरांसारखे हसले. सोनुबाईही हसली. वाळूत बसून भिजल्या लुगड्यानं तिनं दिवस मावळेपर्यंत पाणी बघितलं. तात्या म्हणतात, तेवढं बघितलं नसतं तर बरं झालं असतं, असं सखा पुढं कधी म्हणाला नाही. बाकी सगळ्याची हळहळ केली, एवढ्याची नाही.

परतीला पोयनाडला तिला थंडी वाजली. पेणला ताप चढला. खालापूरला पोचले तेव्हा तिला धाप लागत होती, छातीत घरघर होत होती. गावातल्या वैद्यानं नाडी धरली, सोडली, आणि सखाला बाहेर नेऊन सांगितलं, "छाती भरलीय. माझ्या पुडीचं काम नाही हे. कर्जतला रेल्वेच्या डॉक्टरकडे न्या. सकाळ उजाडायच्या आत न्या."

एकोणतीस सालची फाल्गुन वद्य द्वादशी होती ती. शनिवार. चंद्र पहाटे उगवायचा, तोवर काळोख.

तट्ट्याचं छप्पर फक्त कान्हाच्या गाडीला होतं. जनी त्या गाडीत बसून शेक देऊ शकत होती. म्हणून सोनुबाईला तिथंच निजवलं. सखा आपले बैल पुढं घ्यायला लागला तशी जनी खाली उतरली.

"भावजी, आजारी मानूस मागं? दोन गाड्यांची धूळ खायला? आमची गाडी पुढं घ्या."

"माझे बैल वाटेचे हायत, वयनी. रातीचे तेच पुढं चालतील."

"मग निदान मधी घ्या."

"गार्डाची गाडी मागंच असते," सखा म्हणाला. "मागं बत्ती दिसली म्हंजे मला कळतं, गाडी पुरी हाय. मधी घेतली तर मला काय कळनार?"

"लाकडाच्या गाड्या हायत ह्या! हितं कुटली शिट्टी आन कुटलं शिंगल!"

छपराआडून सोनुबाई बोलली. आवाज अगदी बारीक. "असू दे गं जने. त्येंना तसंच जमतं. जाऊ दे त्येंना पुढं."

सखा जवळ गेला. तिनं त्याच्या मनगटाला हात लावला. हात तव्यासारखा. तो कान्हाला म्हणाला, "हिला जरा जरी कमीजास्त झालं, तर तांबडी. मी तितं थांबन. हिरवी हाय तवर मी थांबनार नाय."

"हां."

"शपत?"

"अरे, हां म्हनलं ना."

गाड्या निघाल्या. खालापूरचे दिवे मागं गेले. सखाचे बैल, मागं पोपटाच्या बैलांच्या घुंगरमाळा, त्यांच्या मागं कान्हाच्या. तीन तऱ्हेचा आवाज. पहिलं वळण आलं. सखानं कंदील वर केला. मागून हिरवी आली, गाडीच्या हिसक्यानं डावी-उजवीकडं डुलत. त्याला बरं वाटलं.

पुढं एक कोरडा ओढा होता. मोठे धोंडे. सखाची गाडी आदळत, आपटत वर चढली. पोपटाची चढली. पुढं रान लागलं. पळस, ऐन, मध्येच करवंदीची जाळी. वाट वर वर जात होती.

दुसरं वळण. कंदील वर. हिरवी.

तो बैलांशी बोलत होता. "चल रं राजा. डॉक्टर उठवायचाय. चल."

तिसरं वळण. हिरवी.

मग त्याच्या ध्यानात आलं की बत्ती डुलत नाही. गाडीतली बत्ती डुलते. ही सरळ होती. भिंतीला टांगल्यासारखी.

वाट चांगली लागली असंल, त्यानं मनाशी म्हटलं. पण त्याच वाटेवर त्याची स्वतःची गाडी हिसके खात होती.

त्यानं कान दिला. आपल्या बैलांच्या माळा. पोपटाच्या माळा.

बस. तेवढंच.

"पोपट! ए पोपट!"

पोपट झोपला होता. त्याचे बैल आपोआप पुढच्या गाडीमागं येत होते.

"कान्हाऽऽ!"

रानातून काही नाही. रातकिडेसुद्धा... नाहीत. पण बत्ती हलली. वर. खाली. पुन्हा वर. गार्ड दाखवतो तशी. चल.

सखानं कासरा आवळला. गाडी थांबली. तो उतरला, पोपटाच्या गाडीला हात लावत मागं गेला. पुढं काळोख. काळोखात ती हिरवी.

"कान्हा, बरी हाय ना रं ती?"

हिरवी.

तो दहा पावलं गेला. बत्ती तेवढीच लांब. आणखी गेला. तेवढीच लांब.

"बोल की रं... बोलत का नायस?"

बत्तीनं गोल फेरा घेतला. जोरात. रागानं घेतल्यासारखा. सखाला तो फेरा ठाऊक होता. सगळी नोकरी त्यानं तो फेरा बघितला होता. गाडी उगाच थांबवलीस, उशीर होतोय, निघ.

तो थांबला.

हिरवी दाखवल्यावर थांबायचं नसतं.

तो वळला. पळतच गाडीवर चढला. बैलांना चाबूक मारला. कधी मारत नव्हता, तो मारला.

वळण. हिरवी. जवळ आलेली.

वळण. हिरवी. आणखी जवळ.

आता तो मागं बघत नव्हता. तरी दिसत होती. बैलांच्या शिंगांवर. वशिंडांवर. कासरा धरलेल्या त्याच्या बोटांवर... हिरवट उजेड.

त्यानं हळूच हाक मारली. "सोने."

...

"सोने, बरी हायस ना गं?"

...

उजेड हलला नाही.

कर्जतच्या शेडचे दिवे दिसले तेव्हा चंद्राची कोर वर आली होती. सखानं वळून बघितलं. मागं पोपटाची गाडी. तिच्यामागं वाट. चांदण्यात पांढरी, मोकळी.

डॉक्टर भला माणूस. पहिल्या हाकेला पेटी घेऊन बाहेर आला. "पेशंट कुठाय?"

"येतीय साहेब. मागच्या गाडीत हाय. मागच्या वळणापतुर मी बत्ती बघितलीय तिची."

ते उभे राहिले. पोपट डोळे चोळत उतरला. उजाडलं. वाटेवर एक कुत्रं आलं आणि गेलं.

डॉक्टरनं आपला टांगा जोडायला लावला. सखा त्यात बसला, पोपटानं मागून आपली गाडी वळवली.

खालापूरकडं किती तरी मागं, त्या कोरड्या ओढ्यात, कान्हाची गाडी एका अंगावर कलंडली होती. आस मोडलेला. बैल सोडून झाडाला बांधलेले. आणि ओढ्याच्या काठावर कान्हा उभा. ऊन पडलं होतं, तरी त्याच्या हातात बत्ती पेटलेली. तांबडी. त्याचा हात खाली येत नव्हता. डॉक्टरनं दोन्ही हातांनी तो खाली घेतला.

"तू वर चढलास आन आस गेला," कान्हा म्हणाला. "तांबडी दावली. तू कंदील वर केलास. मी म्हनलं, बघितलंस... आन तू गेलास. वरडलो. पळालो. गुडघ्यानं जाऊ दिलं नाय. ह्या दोघींना टाकून लांब जाता यीना. रातभर हितंच उबा हाय. तांबडी दावतोय."

सखा त्याच्याकडं बघत नव्हता. छपराकडं बघत होता.

जनी बाहेर आली. डोळे कोरडे. "आस मोडल्याचा दनका बसला, तिनं डोळं उघडलं. 'थांबले का गं?' म्हनली. मी म्हनली, थांबले, हे काय, आलेच... भावजी, मी काय म्हनू दुसरं? ती हसली. तवाच गेली."

"तवाच?"

"तवाच."

सखा खाली धोंड्यावर बसला. म्हणाला, "मंग मी रातभर कोनाला इचारत व्हतो?"



पोपटाच्या गाडीतून तिला घरी आणलं. दुपारी बायांनी पाणी तापवलं. जनी न्हाऊ घालत होती, तात्यांची बायको गोदूबाई पाणी ओतत होती. अंग धुतलं, केस धुतले. उजवी मूठ मिटलेली होती. जनी म्हणाली, हा हात रातभर माझ्या हातात होता, मीच धरून बसले होते.

मूठ सुटेना. गोदूबाईनं गरम पाणी घातलं. एकेक बोट सरळ केलं.

तळहातावर काजळी. घासलेटाचा वास. आणि चारी बोटांच्या आतल्या अंगाला आडवा, खोल वळ. बत्तीची कडी रातभर धरल्यावर कान्हाच्या बोटांवर उठला होता, तसाच.

जनीनं हात धुतला. शिकेकाईनं धुतला. राखेनं घासला.

काजळी गेली नाही.

दिवस कलत होता. तो हात तसाच सरणावर नेला.